भंगारातल्या लोखंडाने घरची दुरुस्ती : कोणता तुकडा जोडावा, कोणता सोडावा?

कानसवाला

नमस्कार. फाटकाची वरची बिजागरी खांबापासून सुटत चालली आहे, खिडकीच्या जाळीच्या तळाच्या पट्ट्या गंजून पातळ झाल्या आहेत आणि बाहेरच्या बाकाचा एक पाय डुगडुगतो. ही तिन्ही कामे स्वतः करावीत या हेतूने मी एक लहान इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र घेतले आहे आणि साध्या पट्ट्यांवर सराव सुरू केला आहे. माझ्याकडे जुन्या लोखंडाचा चांगला साठा आहे. त्यात चौकोनी पाइप, पलंगाच्या चौकटीचे अँगल, काँक्रीटच्या कामातून उरलेल्या सळया, जाड बोल्ट, वाहनाच्या कमानपाट्याचे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) तुकडे, एका जुन्या यंत्राचे बिडाचे पाय आणि जस्ताचा मुलामा असलेले नळाचे तुकडे आहेत.

माझे मत असे की, हाताशी असलेला धातू आधी वापरावा आणि नवे पोलाद त्यानंतर आणावे. खनिजापासून भट्टीत एक टन पोलाद तयार होताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले तर जुना अँगल टाकून देणे मनाला पटत नाही. मात्र सगळे लोखंड सारखे नसते हेही मला ठाऊक आहे. म्हणून विचारतो : वरीलपैकी कोणते तुकडे निर्धास्तपणे जोडता येतील, कोणते बाजूला ठेवावेत, आणि प्रयोगशाळा नसताना घरच्या घरी हे ओळखायचे कसे?

मंद आच

प्रश्न नेमका विचारलात. बहुतेक जण यंत्र कोणते घ्यावे इथून सुरुवात करतात, तुम्ही धातूपासून केलीत.

घरच्या घरी ओळख पटवण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्या पाहणे. त्यासाठी आधी एक ओळखीचा तुकडा हवा. बांधकामाचा साधा अँगल म्हणजे मऊ पोलाद, हे गृहीत धरायला हरकत नाही. उजेड थोडा कमी असलेल्या जागी, एकाच चाकावर, सारख्याच दाबाने आधी तो अँगल आणि मग अनोळखी तुकडा घासावा. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या आणि सरळ रेषेत जातात. टोकाशी एखाददुसरा फाटा फुटतो. कार्बन वाढत जातो तसे फाटे वाढतात. कमानपाट्याचा तुकडा घासलात तर चाकापासून थोड्याच अंतरावर दाट झुपके फुटताना दिसतील. बिडाच्या ठिणग्या आखूड असतात, चाकाजवळ लालसर दिसतात आणि लवकर विझतात. स्टेनलेस पोलादाच्या ठिणग्यांना फाटे कमी. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्या ठिणग्या उडतच नाहीत आणि ते ग्राइंडरच्या दगडावर घासूही नयेत, कारण मऊ धातू दगडाच्या छिद्रांत बसतो.

लोहचुंबक फक्त अर्धी माहिती देतो. मऊ पोलाद, कमानपाटा आणि बीड हे तिघेही चुंबकाला चिकटतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक चुंबकाने कळत नाही. चुंबक न चिकटणारा, न गंजलेला आणि जड असा तुकडा बहुधा भांड्यांच्या जातीचे स्टेनलेस असतो.

तिसरी परीक्षा कानशीची, आणि ती तुमच्या नावातच आहे. मऊ पोलादावर कानस सहज चावते आणि भुगा निघतो. कानस नुसती घसरत असेल तर त्या पोलादाला पाणी दिलेले आहे (तापवून झटकन निववून कडक केले आहे) असे समजून ते वेगळे ठेवावे.

वाकडी पट्टी

मी थोडा विरोधी सूर लावतो. भंगारात घातलेले लोखंड वाया जात नाही. ते विद्युत भट्टीत वितळून पुन्हा पोलाद होते, आणि त्याला खनिजापासूनच्या पोलादापेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते. उलट घरी एका गंजक्या पाइपावरचा रंग, गंज आणि तेल काढण्यात कटिंग व्हील, वायर ब्रश आणि कितीतरी वेळ खर्ची पडतो. नवशिक्याने निदान पहिली काही कामे नव्या, स्वच्छ पट्टीवर करावीत असे मला वाटते. नाहीतर जोड बिघडला तेव्हा दोष हाताचा की धातूचा, हेच कळत नाही.

कानसवाला

वाकडी पट्टी यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे आणि सराव मी नव्या पट्टीवरच करतो आहे. पहिला मुद्दा पूर्णपणे पटला नाही. वितळवण्यासाठी ऊर्जा लागतेच. जो अँगल आहे त्याच आकारात उपयोगी पडू शकतो तो वितळवायचा कशासाठी? सफाईला वेळ लागतो हे खरे, पण तो माझा वेळ आहे आणि तो मी आनंदाने देतो.

सहा_शून्य_तेरा

मंद आच यांनी सांगितलेल्या परीक्षांच्या आधारे मूळ पोस्टमधल्या यादीवर माझे मत सांगतो.

चौकोनी पाइप आणि साधा अँगल खुशाल वापरा. पलंगाच्या चौकटीच्या अँगलबाबत सावध राहा. काही ठिकाणी तो रेल्वेचे जुने रूळ पुन्हा लाटून केलेला असतो आणि त्यात कार्बन बराच असतो. त्यात भोक पाडून पाहा. साध्या ड्रिलचे टोक नुसते फिरत राहिले आणि साल निघाली नाही, तर तो त्याच जातीचा समजावा. बाकाच्या पायांसारख्या कामात त्याला बोल्टने जोडावे. भोके पाडायला मात्र चांगले ड्रिल, कमी वेग आणि तेल लागेल.

काँक्रीटच्या सळया जोडल्या जातात, पण त्यांच्यातला कार्बन प्रकाराप्रमाणे बदलतो. झाडाच्या कुंडीची चौकट, हत्यारे टांगायची खुंटी, शेगडीचा स्टँड अशा कामांना त्या उत्तम. वजन उचलायच्या कड्या मात्र त्यांच्या करू नयेत.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ असा शिक्का असेल तर पहिल्या ८ चा अर्थ तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) आणि दुसऱ्या ८ चा अर्थ त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० मेगापास्कल ताणाला तो कायमचा लांबू लागतो. ही ताकद त्याला पाणी देऊन आणलेली असते. त्यावर वेल्डिंग केले की जोडाशेजारी ती ताकद बदलते आणि शिक्का खोटा ठरतो. ८.८, १०.९ आणि १२.९ हे बोल्ट बोल्ट म्हणूनच वापरावेत. ४.६ किंवा ४.८ चे बोल्ट जोडायला हरकत नाही, मात्र मुलामा आधी काढावा.

कमानपाटा हा यादीतला सर्वांत फसवा तुकडा आहे. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. थंड पाट्यावर वेल्डिंग केले तर जोड दिसायला सुंदर होतो, कारण वितळलेला धातू नीट बसलेला असतो. बिघाड होतो तो जोडाच्या शेजारच्या पट्ट्यात. तो भाग लालबुंद होऊन बाजूच्या थंड धातूमुळे झपाट्याने निवतो, म्हणजे नकळत त्याला पाणी दिले जाते आणि तो कडक व ठिसूळ होतो. वेल्डिंगच्या रॉडच्या, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या कांडीच्या, लेपातल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन तिथे अडकला तर तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही जातो. पाटा जोडायचाच असेल तर आधी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा, कोरडा कमी-हायड्रोजन रॉड वापरावा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निववावा. माझा सल्ला असा की पाट्याची छन्नी किंवा पहार करावी, त्यासाठीच ते पोलाद आहे; त्याला जोडायच्या फंदात पडू नये.

ठोकळा

तापमान कळण्यासाठी वेगळे साधन नसेल तर पाट्याचा एक कोपरा कानशीने चकचकीत करून ठेवावा. पोलाद तापू लागले की सुमारे २२० अंशांना त्यावर फिकट गवती रंग चढतो आणि ३०० च्या आसपास निळा. गवती रंग तपकिरीकडे झुकू लागला की पुरे.

निळी ज्योत

यादीत जस्ताचा मुलामा असलेले नळ आहेत, त्यावर अजून कोणी बोलले नाही म्हणून सविस्तर लिहिते. या विषयात मला कोणतीही सूट मान्य नाही.

जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळते साधारण १५०० अंशांना. म्हणजे तुम्ही रॉड टेकवला की पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होते आणि हवेत तिचा पांढरा धूर बनतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. हा ताप सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, आणि म्हणूनच माणसे तो अंगावर काढतात आणि पुन्हा तेच करतात. आमच्या कार्यशाळेत एका सहकाऱ्याला तो आला तेव्हा सर्वांना आधी साधा फ्लूच वाटला. दुपारी त्याने बंद खोलीत नळाची चौकट जोडली होती हे संध्याकाळी उशिरा कोणाच्या तरी लक्षात आले. मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, काही सेंटिमीटर घासून काढावा, काम उघड्यावर करावे, वारा पाठीमागून न येता बाजूने येईल असे उभे राहावे आणि धातूच्या धुरासाठी असलेला गाळणीचा मास्क वापरावा. साधा कापडी मास्क या धुराला अडवत नाही. नळाच्या आतला मुलामा काढता येत नसेल तर तो नळ आटे आणि सांधे वापरूनच जोडावा.

जस्तापेक्षा भयंकर कॅडमियम. जुन्या यंत्रांच्या पिवळसर, इंद्रधनुषी झाक असलेल्या बोल्टवर ते असू शकते. तशीच झाक जस्तावरच्या क्रोमेट या संरक्षक थरालाही येते आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून असे बोल्ट ना तापवावेत, ना घासावेत. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला सूज आणतो आणि त्याने मृत्यू ओढवू शकतो. क्रोमचा मुलामा आणि जुना शिसेयुक्त रंग यांनाही आच देऊ नये. जुना रंग कोरडा घासण्याऐवजी ओला करून खरवडावा आणि साल गोळा करून मुलांपासून दूर ठेवावी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. त्याचे अवशेष धातूवर राहिले आणि वेल्डिंगची उष्णता व अतिनील किरणे त्यावर पडली, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तेल काढायला साबणाचे गरम पाणी घ्यावे आणि तुकडा पूर्ण कोरडा करावा.

खीळ आणि कळ

निळी ज्योत, आपला प्रतिसाद मी कार्यशाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी लिहून घेतला आहे. त्यात बंद पोकळीचा मुद्दा जोडतो.

ज्या टाकीत, पिंपात किंवा डब्यात कधीही पेट्रोल, थिनर, रंग किंवा तेल होते, ते रिकामे झाले म्हणून सुरक्षित होत नाही. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक धोक्याचे, कारण त्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. कटिंग व्हीलची एक ठिणगी त्याला पुरते. असे पिंप कापून शेगडी किंवा बाक करण्याची चित्रे पाहून मोह होतो, पण त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर त्याला हात लावू नये. वाहनाचे शॉक ॲब्सॉर्बरही तसेच. ते बंद असतात, आत तेल आणि बहुधा दाबाखालचा वायू असतो, आणि तापले की गोळीसारखे सुटतात.

दोन्ही तोंडे बंद असलेला साधा पाइपसुद्धा निर्धोक नाही. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शेवटचा टाका मिटवताना वितळलेला धातू तोंडावर उडवते. आधी एक लहान भोक पाडावे, हवा जाऊ द्यावी, आणि सगळे निवले की ते भोक स्क्रूने किंवा मॅस्टिकने (फटी बुजवायच्या लगद्याने) बंद करावे.

वाकडी पट्टी

या दोन प्रतिसादांनंतर माझी भूमिका थोडी बदलतो. भंगार वापरू नये असे नाही. ज्याचा इतिहास ठाऊक नाही ते वापरू नये. आपल्याच घरातून निघालेली जाळी, आपल्याच पलंगाची चौकट यांचा इतिहास आपल्याला माहीत असतो.

ठोकळा

बिडाच्या पायांचा प्रश्न राहिला. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे आधीच असलेल्या बारीक भेगाच. म्हणून बीड दाबाला खंबीर असते पण ताणाला लवकर तुटते, आणि जोड निवताना आकसू लागला की शेजारचे बीड ताण सोसू शकत नाही व 'टक्' आवाज होऊन फुटते.

तुटलेला पाय जोडायचा असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडावीत म्हणजे तडा पुढे सरकत नाही. तड्याला व्ही आकाराची खाच द्यावी. निकेलचा रॉड घेऊन एकावेळी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा टाका मारावा, तो गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच ठोकत राहावे आणि जोडाशेजारी हात टेकवता येईल इतके निवल्यावरच पुढचा टाका घ्यावा. ठोकल्यामुळे आकसणारा धातू पसरतो आणि ताण कमी होतो. यात घाई करणाऱ्याला बीड कधीच साथ देत नाही. बाकाच्या पायासारख्या ठिकाणी मात्र दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टने आवळणे हा उपाय सोपा आणि कितीतरी अधिक भरवशाचा आहे.

रंगहीन

मी या कामात अगदी नवीन आहे. रॉडवर ६०१३ लिहिलेले असते त्याचा अर्थ काय, आणि करंट किती ठेवावा? माझा रॉड दर वेळी चिकटतो.

सहा_शून्य_तेरा

रंगहीन, या रॉडबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, म्हणून आनंदाने सांगतो. पहिले दोन अंक जोडाच्या ताकदीचे : ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. पुढचा १ म्हणजे आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या अशा सर्व स्थितींत चालणारा. शेवटचा अंक तिसऱ्यासह लेपाची जात आणि कोणता विद्युतप्रवाह चालेल हे सांगतो. या रॉडचा लेप टायटॅनियम ऑक्साइडप्रधान असतो, ठिणगी लवकर धरतो आणि स्लॅग, म्हणजे लेप वितळून जोडावर बसणारी साल, सहज निघतो. घरच्या पातळ कामासाठी हाच घ्यावा. ७०१८ जास्त मजबूत जोड देतो, पण तो कमी-हायड्रोजन रॉड आहे. पाकीट उघडल्यावर तो हवेतला ओलावा ओढतो आणि त्याला तापत्या पेटीत ठेवावे लागते.

२.५ मिलिमीटरच्या ६०१३ ला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात आणि ३.१५ ला ९० ते १३०. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपाला २ मिलिमीटरचा रॉड आणि ४० ते ६० अँपिअर. रॉड चिकटतो तो बहुधा करंट कमी असल्याने, रॉड ओलसर असल्याने किंवा अर्थिंग क्लॅम्प (यंत्राच्या परतीच्या तारेचा चिमटा) रंगावर अडकवल्याने. क्लॅम्पखालची जागा चकचकीत घासा; निम्मी तक्रार तिथेच मिटते.

ठिणगीची लांबी, म्हणजे रॉडचे टोक आणि धातू यांतले अंतर, रॉडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवावी आणि रॉड जाण्याच्या दिशेला १०-१५ अंश कलता धरून ओढत न्यावा. मुखवट्याच्या काळ्या काचेतून पाहताना नजर प्रखर ठिणगीवर ठेवू नये. तिच्या लगेच मागे ओलसर चकाकणारे धातूचे डबके दिसते आणि त्याच्या मागून मंद नारिंगी, थोडा दाट असा स्लॅग सरकत येतो. या दोघांमधली रेघ स्पष्ट दिसत असेल तर जोड बरोबर चालला आहे. स्लॅग पुढे धावून ठिणगीखाली शिरू लागला तर तो जोडात अडकणार; अशा वेळी रॉडचा कल थोडा वाढवावा किंवा करंट चढवावा.

निळी ज्योत

काचेचा विषय निघालाच आहे तर : ६० ते १६० अँपिअरसाठी १० क्रमांकाची काच योग्य. डोळे भाजल्याचे लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागते आणि झोप येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलांना आणि फिकट रंगाच्या भिंतीवरून परावर्तित होणाऱ्या किरणांनाही विसरू नका. ठिणग्यांसाठी सर्वसाधारण नियम ३५ फुटांचा आहे, म्हणजे तेवढ्या परिघात जळणारे काही नसावे, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, तिथे कोणीतरी लक्ष ठेवून असावे.

ओळंबा

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे आणि या धाग्यावर एक कडक मत मांडू इच्छितो. ज्यावर माणूस चढतो, ज्याखाली माणूस झोपतो किंवा ज्याला मूल लटकते, अशी वस्तू घरी शिकणाऱ्याने भंगारातून जोडू नये. शिडी, झोपाळ्याच्या कड्या, छताचे हूक, गच्चीचा कठडा, वाहनाची चौकट, वजन उचलायची घोडी ही सर्व त्यात आली. काँक्रीटमधून बाहेर डोकावणाऱ्या गंजक्या सळयांवरही घरी वेल्डिंग करू नये. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाहेर दिसते ते त्याचे टोक असते. तिथे अभियंत्यालाच बोलवावे.

वाकडी पट्टी

ओळंबा यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. बाकावरही माणूस बसतोच. मग बाकही जोडायचा नाही का?

ओळंबा

रास्त प्रश्न आहे. माझा निकष असा आहे की जोड तुटल्यावर काय होते ते पाहावे. बाकाचा एक पाय सुटला तर माणूस दीड फूट खाली, तोही हळूहळू कलत येतो. शिडीची पायरी सुटली तर सूचना मिळत नाही. ज्या ठिकाणी तुटण्याआधी वाकणे, डुगडुगणे अशी चिन्हे दिसतात आणि पडण्याची उंची थोडी असते, तिथे शिकणाऱ्याने जरूर हात चालवावा.

त्याआधी स्वतःच्या जोडाची परीक्षा घ्यावी. पाच मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या उलट्या टी आकारात उभ्या करून फक्त एका बाजूने जोड मारावा. निवल्यावर शिकंज्यात पकडून उभी पट्टी जोडाच्या दिशेने हातोड्याने आडवी करावी, म्हणजे जोडाचे मूळ उघडे पडते. पट्टी पूर्ण आडवी होऊनही जोड टिकला, किंवा तुटलेल्या तोंडावर सलग करडा, दाणेदार धातू दिसला, तर ठीक. तिथे पट्टीची मूळ कापलेली कड जशीच्या तशी दिसली तर धातू मुळापर्यंत पोचलाच नाही, वरवर चिकटला. छिद्रे दिसली तर गंज, तेल किंवा ओलावा. काळे काचेसारखे ठिपके म्हणजे अडकलेला स्लॅग. हे करायला जुनी पट्टीच लागते, म्हणून भंगाराचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मंद आच

ओळंबा यांच्या सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे. रशियन संशोधक बेनार्दोस यांनी १८८१ साली कार्बनच्या कांडीने विद्युत वेल्डिंग करून दाखवले आणि १८८८ साली त्यांच्याच देशाच्या स्लाव्यानोव यांनी त्या कांडीच्या जागी वितळणारा धातूचा रॉड आणला. दुसऱ्या महायुद्धात रिवेट सोडून संपूर्ण वेल्डिंगची जहाजे झपाट्याने बांधली गेली. त्यांतला शेनेक्टडी हा तेलवाहू टँकर १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या धक्क्याला शांत पाण्यात बांधलेला असताना कडाडून दुभंगला. अशा तड्यांमागे थंडीत ठिसूळ होणारे तेव्हाचे पोलाद, सदोष जोड आणि डेकवरच्या चौकोनी झाकणांचे धारदार कोपरे अशी कारणे एकत्र आलेली आढळली. रिवेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. वेल्डिंगच्या जहाजात सगळे पत्रे एकच झालेले असल्याने तो धावतच गेला.

आपल्या कामात याचा धडा असा की, जोड कोपऱ्याच्या टोकावर संपवू नये, आधाराच्या त्रिकोणी पट्टीची टोके गोल करावीत आणि भेग दिसली तर तिच्यावर नुसता थर चढवू नये. ती मुळापर्यंत घासून काढून मग भरावी.

खीळ आणि कळ

म्हणूनच मी बोल्ट आणि रिवेटचा पक्ष घेतो. ते खोलता येतात, सैल झाले तर दिसतात, आणि धातूची जात बदलत नाहीत.

कानसवाला

सर्वांचे आभार. बाकाला बोल्ट लावायचे ठरवले, पाटे आणि पिवळे बोल्ट बाजूला काढले. आता फाटकाविषयी विचारतो. खांब चौकोनी पाइपाचा आहे, बिजागरीचा जुना जोड अर्धा सुटला आहे. तिथेच पुन्हा जोड भरावा का?

ओळंबा

आधी ती बिजागरी का सुटली ते पाहू. समजा फाटक ४० किलोचे, १.२ मीटर रुंद आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर १ मीटर. फाटकाचे वजन मध्यावर, म्हणजे खांबापासून ०.६ मीटरवर धरले, तर वरच्या बिजागरीला ४० × ०.६ ÷ १ = २४ किलोग्रॅम भाराएवढी आडवी ओढ बसते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. ३० किलोचे मूल टोकाला लटकले की ओढीत आणखी ३६ ची भर पडते, म्हणजे ती अडीच पट होते. बिजागऱ्यांमधले अंतर दीड मीटर केले तर २४ चे १६ होतात. म्हणून शक्य असेल तर वरची बिजागरी आणखी वर न्यावी, जुन्या जागी थर चढवू नये.

पाइपाची भिंत पातळ असल्यास बिजागरी थेट तिच्यावर जोडू नये. पाच मिलिमीटरची, गोल कोपऱ्यांची पट्टी आधी खांबावर चारही बाजूंनी जोडावी, म्हणजे ओढ मोठ्या भागावर पसरते, आणि बिजागरी त्या पट्टीवर घ्यावी. फाटकाला तिरका आधार नसेल तर खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वरच्या कडीच्या कोपऱ्यापर्यंत अँगल लावावा. तो दाब घेतो आणि फाटक लोंबत नाही.

सहा_शून्य_तेरा

जोडताना फाटक खाली फळीच्या तुकड्यांवर टेकवून ओळंब्यात धरा, खिळी बिजागरीत असू द्या, आणि दोन्ही बिजागऱ्यांना आधी नुसते टाके मारून फाटक उघडून-मिटून पाहा. नीट फिरले तरच पूर्ण जोड घ्या. एका बाजूने सलग जोड मारलात तर तो निवताना आकसून बिजागरीला ओढून तिरपी करेल. समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून घ्या. क्लॅम्प बिजागरीच्या ज्या भागावर काम चालू आहे त्याच बाजूला लावा, म्हणजे करंट खिळीतून जाणार नाही. गरम जोडावर पाणी ओतू नका.

रंगहीन

आणि जाळीच्या पट्ट्या? माझ्याकडेही तशाच गंजल्या आहेत.

ठोकळा

तळाच्या पट्ट्या गंजतात कारण पाणी तिथे साचते. नवी पट्टी तशीच बसवली तर तीही जाईल. गंजलेला भाग चकचकीत, पूर्ण जाडीच्या धातूपर्यंत कापून टाका, कारण गंजून पातळ झालेल्या पट्टीला जोड धरत नाही, भोक पडते. नवा तुकडा बसवताना चौकटीला तळाशी पाणी जायला भोके ठेवा.

उरलेल्या नक्षीवरचा गंज घासून निघत नसेल आणि तुकडा सुटा करता येत असेल, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टच्या चार्जरने तो निघतो. गंजका तुकडा ऋण तारेला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन तारेला. धन तारेला स्टेनलेस कधीही लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि तारा सोडवण्याआधी चार्जर बंद करावा. बाहेर काढलेला तुकडा धुऊन लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा, कारण उघडे लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागते. वेल्डिंगच्या जोडावरचा स्लॅग मात्र प्रायमरआधी खाचाखोचांतून पूर्ण काढा. त्यावर बसलेला रंग स्लॅगसकट सुटतो आणि गंज पुन्हा नेमका तिथूनच सुरू होतो.